प्रकरण चौदावे: शंभर मोजेपर्यंत

संपादकाला घरात संपादक म्हणत, ते काही कौतुकाने नव्हे. विमा कंपनीतली बरी नोकरी सोडून तो कुलपांवर ब्लॉग लिहायला बसला, त्याच आठवड्यात दादाने त्याला दारात गाठून "या संपादक, काय म्हणतोय आजचा अंक?" असं विचारलं आणि नाव चिकटलं ते चिकटलंच. आधी तो चिडायचा. मग चिडून चिडून दमला. आता फोनवर अनोळखी माणसालाही "हो, संपादक बोलतोय" असं त्याच्या तोंडून निघून जायचं आणि नंतर दोन मिनिटं स्वतःचीच लाज वाटत राहायची.

विमा कंपनीत त्याचं काम एकच होतं. लोकांनी मागितलेले पैसे देता येणार नाहीत, हे त्यांना अदबीने कळवायचं. बारा वर्षं त्याने रोज पंधरा-वीस जणांना 'नाही' म्हटलं होतं. एवढी नकाराची सवय असलेल्या माणसाने एका साध्या मेलला 'हो' म्हणावं, यालाच म्हणतात दिवस फिरणं.

तर त्या रविवारी दुपारी साडेचार वाजता सगळे दुकानाच्या मागच्या खोलीत जमले होते. शटर अर्धं खाली ओढलेलं. बाबा त्यांच्या नेहमीच्या स्टुलावर, किल्ल्या कापायच्या मशीनशेजारी. ऐंशी वर्षांची आत्या खोलीतल्या एकमेव गादीच्या खुर्चीत, मांडीवर फोन. दादा उभा, कारण दादा कुठल्याही बैठकीत उभाच असतो. लिफ्ट तपासायची सरकारी नोकरी करून करून त्याला बसलेल्या माणसांचा भरवसा वाटेनासा झाला आहे. आणि संपादकाची बायको औषधांच्या दुकानातली पाळी संपवून थेट आलेली, पाय दुखत असल्यामुळे खोक्यावर टेकलेली. बाकावर पितळेचा कीस सांडलेला होता, त्यात संपादकाने नेमका कोपर टेकवला.

विषय नवा नव्हता. सहा महिन्यांपूर्वी याच खोलीत दादाने कव्हरवाल्याचं नाव काढलं होतं. शेजारच्या गल्लीत मोबाइलची कव्हरं विकणारा हा गृहस्थ दुकान भाड्याने घ्यायला एका पायावर तयार होता. बाबांचे गुडघे, बाबांची औषधं, दिवसाकाठी येणारी दोन-तीन गिऱ्हाइकं, दादाने सगळं रीतसर मांडलं. त्यात खोट काढायला जागाच नव्हती. आणि जिथे खोट काढता येत नाही, तिथे संपादकाचं डोकं फिरतं. तो ताडकन उठून म्हणाला होता, "कव्हरवाला जेवढं भाडं देईल, तेवढे पैसे दर महिन्याला माझा ब्लॉग बाबांच्या हातात ठेवेल. लागोपाठ तीन महिने ठेवले, तर दुकानाला हात लावायचा नाही. नाही जमलं, तर तू म्हणशील तसं."

बोलून झाल्यावर तो स्वतःच घाबरला होता. तोवर ब्लॉगने त्याला एकूण जेवढं मिळवून दिलं होतं, त्यात एक बऱ्यापैकी छत्री आली असती.

छत्रीवरून आठवलं. त्या खोलीत एक भिंत होती, तिला घरात नापासांची भिंत म्हणत. आजोबांनी दुकान काढलं तेव्हाचा नियम असा की नवं कुलूप विकायला आलं की मालकाने ते किल्लीशिवाय उघडायला घ्यायचं आणि दुसऱ्याने शेजारी बसून मोठ्याने मोजायचं. शंभर मोजेपर्यंत टिकलं तर ते विकायचं. आधी उघडलं तर चिठ्ठीवर आकडा लिहून भिंतीवर खिळ्याला टांगायचं, गिऱ्हाइकाला दिसेल असं. कंपन्यांचे एजंट ही भिंत बघून परस्पर परत जात.

पण सगळ्यात वरची ओळ घरच्यांची होती. घरातल्या प्रत्येकाने सतराव्या वर्षी एक कुलूप स्वतःच्या हाताने बनवायचं आणि ते थोरल्याने उघडायचं. बाबांचं कुलूप आजोबांनी उघडलं, चिठ्ठीवर आकडा सात. दादाचं बाबांनी उघडलं, नऊ. त्या नवानंतर दादा लिफ्टकडे वळला. आत्याचं चौऱ्याण्णव! "सहा आकडे आणखी टिकलं असतं, तर दुकान माझ्या नावावर असतं," असं आत्या गेली साठ वर्षं सांगत आली आहे आणि ते खोटं आहे असं म्हणायची कुणाची प्राज्ञा नाही.

दादाच्या कुलपाशेजारचा खिळा बाबांनी संपादकाच्या नावाने ठोकून ठेवला होता. सतराव्या वर्षी संपादकाने काय केलं? कुलूप कसं बनवावं यावर चार पानी निबंध लिहून दिला. बाबांनी तो शेवटपर्यंत वाचला, नीट घडी घालून परत दिला आणि काही न बोलता त्या खिळ्याला आपली छत्री अडकवली. ती छत्री आजतागायत तिथेच होती. मधे दोनदा छत्री बदलली, खिळा तोच.

म्हणूनच की काय, संपादकाला दुकान वाचवायचं होतं, पण त्याहून जास्त त्याला दुसरंच काही हवं होतं आणि ते मागायची सोय नव्हती. बाबा ब्लॉगला कधी 'काम' म्हणत नसत. "ते तुझं चाललंय ना?" असं विचारत. दादाचं काम, सुनेचं काम, कव्हरवाल्याचंसुद्धा काम, आणि याचं मात्र 'ते'. बेचाळीस वर्षांच्या माणसाने बापाच्या एका शब्दासाठी झुरावं हे त्याला स्वतःलाही हास्यास्पद वाटे. तरी तो झुरायचा.

"चला," दादा म्हणाला. "दोन महिने झाले, ते मान्य. तिसरा?"

संपादकाने खिशातून पाकीट काढून बाबांच्या पुढ्यात ठेवलं. "मोजून बघ. भाड्यापेक्षा थोडे जास्तच आहेत."

दादाने मोजले नाहीत. पाकिटाकडे बघितलं, भावाकडे बघितलं आणि मान हलवली. "मला वाटलं नव्हतं. खरंच सांगतो. मी कव्हरवाल्याला पाचला बोलावून ठेवलंय, त्याला आता नाही म्हणायला लागेल. पण शब्द म्हणजे शब्द. जिंकलास."

संपादकाने पाकीट आणखी जरा बाबांकडे सरकवलं आणि नजर भिंतीकडे वळवली. जिंकलेला माणूस असं करत नाही. बायको त्याच्याकडे टक लावून बघत होती. गेले चार आठवडे हा माणूस घरात फार गोड वागत होता, भांडीसुद्धा न सांगता घासत होता, आणि त्याचा अर्थ तिला चांगला माहीत होता.

"अरे पण मी तर महिनाभर एकदाही दाबलं नाही!" आत्या म्हणाली.

"काय दाबलं नाहीस, आत्या?" दादाने विचारलं.

"जाहिराती रे. याच्या लेखात त्या चौकटी यायच्या ना, साबणाच्या, गाद्यांच्या, त्या दाबल्या की याला पैसे मिळतात. यानेच सांगितलं होतं मला. मग मी सकाळी अंघोळ झाल्यावर चाळीस वेळा आणि दुपारी चहाच्या आधी चाळीस वेळा. नेमाने. एक दिवस चुकवला नाही. ताप होता तेव्हासुद्धा वीस-वीस दाबल्या. पण या महिन्यात दिसतच नाहीत. मी कशावर दाबणार? मला वाटलं माझाच फोन बिघडला."

संपादकाने डोळे मिटून घेतले.

"बंद झाल्यात जाहिराती," तो म्हणाला. "जाहिरातवाल्या कंपनीने माझं खातं बंद केलं. महिना झाला. एकाच फोनवरून रोज ऐंशी वेळा कोण दाबतंय, ते त्यांना कळतं, आत्या. त्याला ते खोटे क्लिक म्हणतात. त्यांचं पत्र आलं. नामंजूर करण्यात येत आहे म्हणून. इतकं अदबीने लिहिलं होतं की क्षणभर मला वाटलं मीच लिहिलंय."

"खोटे?" आत्या उसळली. "मी काय खोटं केलं? एकेक जाहिरात नीट वाचून दाबली मी! दोन गाद्यासुद्धा मागवणार होते!"

"तुझी चूक नाही गं. मीच सांगायला हवं होतं. दोन महिने आकडे चढताना बघितले आणि मला वाटलं, आपलं लिखाण लोकांना आवडायला लागलं." तो हसला, पण ते हसू कुणाला सोसवलं नाही. "आत्याचा अंगठा होता तो. मी आपला आरशासमोर उभं राहून स्वतःची पाठ थोपटत होतो."

बायको खोक्यावरून उठली. "महिना झाला आणि मला सांगितलं नाहीस?"

"सांगणार होतो."

"कधी? भांडी संपल्यावर?"

"एक मिनिट," दादा म्हणाला. त्याचा आवाज खाली आला होता, आणि दादाचा आवाज खाली येतो तेव्हा लिफ्टसुद्धा मजल्यावर अडकत असतील. "जाहिराती बंद, तर हे पाकीट कशाचं?"

आता आलं. संपादकाने कोपराला चिकटलेला कीस झटकायला सुरुवात केली. कीस निघेना.

"एका लेखात मी एक लिंक टाकली. म्हणजे आपले शब्द असतात, त्यातल्या एक-दोन शब्दांवर बोट ठेवलं की वाचणारा सरळ कंपनीच्या पानावर जातो. त्याचे पैसे मिळतात. शब्द माझेच राहतात, बदलावे लागत नाहीत. फक्त ते तिकडे जातात."

"किती शब्द?"

"दोन."

"दोन शब्दांचे एवढे?" दादाने पाकीट उचलून वजन बघितलं. "मी पन्नास पानांचा अहवाल लिहितो, मला चहा मिळतो. कुठले दोन शब्द?"

आणि तेव्हा, एवढ्या वेळात पहिल्यांदा, बाबा बोलले.

"सांग की. कुठले?"

बाबांचा आवाज अगदी साधा होता. पावसापाण्याची चौकशी करावी तसा. पण संपादक त्यांच्या तोंडाकडे नव्हे, हातांकडे बघत होता, कारण बाबांनी बोलता बोलता मशीनमागून एक खोकं काढून बाकावर ठेवलं होतं. पांढरं, गुळगुळीत, कंपनीचं नाव छापलेलं. वर एक कार्ड.

"काल कुरिअरने आलं," बाबा म्हणाले. "तू तुझ्या त्या ब्लॉगवर पत्ता दुकानाचा दिलायस ना."

दिला होता. घरचा पत्ता तिसऱ्या मजल्यावरचा होता आणि त्यात 'दुकान' हा शब्द नव्हता. दुकानाचा पत्ता दिला की कसं, तीन पिढ्यांचा भक्कमपणा येतो. स्वतःच्या शहाणपणावर तो त्या दिवशी भलताच खूश झाला होता.

दादाने कार्ड उचलून वाचलं. "'आमच्या कुलपाची शिफारस केल्याबद्दल आपल्या कुटुंबाचे मनःपूर्वक आभार.' आपल्या कुटुंबाचे. म्हणजे माझेपण?"

खोक्यात बोटाने उघडायचं कुलूप होतं. काळं, चकचकीत, मधोमध बोट टेकवायला खळगा. दिसायला देखणं.

"शंभर मोजेपर्यंत," संपादक म्हणाला. "ते दोन शब्द. त्या लेखातले."

'त्या लेखातले' म्हटल्यावर कुठला लेख हे विचारायची कुणाला गरज नव्हती. ब्लॉगवर दीडशे लेख होते आणि लोक वाचत तो एकच. बाबांवरचा, या भिंतीवरचा. दुकानाच्या काउंटरवर काचेखाली त्याची छापलेली प्रत होती. आत्याने हौसेने छापून आणलीय असं सगळे धरून चालले होते. 'आमच्या दुकानात शंभर मोजेपर्यंत न उघडणारं कुलूपच विकतात' हे त्यातलं वाक्य लोक एकमेकांना पाठवत. आणि गेला महिनाभर त्या वाक्यातल्या दोन शब्दांवर बोट ठेवणारा प्रत्येक माणूस या काळ्या कुलपापाशी जाऊन पोचत होता.

"बघितलंस का ते? उघडून?" बाबांनी विचारलं.

"नाही."

"मग आता बघू." बाबांनी चष्मा पुसला. "अक्का, मोज."

थोरल्या बहिणीला ते अक्का म्हणत. आत्या खुर्चीत सावरून बसली, तिने एकदा भाच्याकडे पाहिलं आणि तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते बघून संपादकाला रडू फुटेल की काय असं वाटलं. कारण आत्याने मोजायला सुरुवात केली ती धावतच.

"एक दोन तीन चार पाच..."

साठ वर्षं ही बाई या खोलीत घड्याळाच्या ठेक्यात मोजत आली होती. आपल्या स्वतःच्या कुलपाच्या वेळीसुद्धा तिने घाई केली नव्हती. आणि आज ती भाच्यासाठी दम लागेस्तोवर पळत होती.

"अक्का, धावू नकोस," बाबा मान वर न करता म्हणाले.

"मी कुठे धावतेय! सहा सात आठ..."

संपादक त्या कुलपाकडे बघत होता. टिक, असं तो मनातल्या मनात म्हणत होता. अरे, टिक रे बाबा, तुझ्या कंपनीची शपथ आहे तुला. जन्मात पहिल्यांदा त्याला बापाचा हात हरायला हवा होता आणि हे मनात आल्याचं कळताच त्याला इतकी शरम वाटली की त्याने मान खाली घातली. बाबांची बोटं हल्ली थरथरतात. त्या थरथरत्या बोटांनी त्यांनी कुलूप पालथं केलं, मागच्या झाकणाखाली बारीक पात्याचं टोक सरकवलं, अंगठ्याने रेटलं.

"...नऊ दहा अकरा."

खट्ट झालं. कडी वर आली.

"अकरा," आत्या म्हणाली, आणि मग हळूच, "मी जरा भरभर मोजलं."

"माहितेय," बाबा म्हणाले. "नाहीतर पाच झाले असते."

त्यांनी ड्रॉवरमधून पुठ्ठ्याची चिठ्ठी काढली, पेन्सिलीने अकरा लिहिलं, सुतळी ओवली आणि कुलूप दादाच्या हातात दिलं. दादाने ते खालच्या ओळीत एका रिकाम्या खिळ्याला अडकवलं. सगळं नेहमीच्या रीतीने झालं. कुणी आवाज चढवला नाही, आणि संपादकाला तेच सोसेना.

"काहीतरी बोला तरी," तो म्हणाला. "शिव्या द्या."

"कशाला?" बाबा म्हणाले. "कुलूप नापास झालं. कुलपाला कुणी शिव्या देतं का?"

संपादकाने फोन काढला. "लिंक काढतो. आत्ताच काढतो. पैसे परत पाठवतो."

असं म्हणणं सोपं असतं. ब्लॉगने पासवर्ड विचारला. संपादकाने एक टाकला, चुकला. दुसरा टाकला, तोही चुकला. तीन पिढ्यांच्या कुलूपवाल्याचा मुलगा, सगळ्या घरासमोर, स्वतःच्याच दाराबाहेर उभा! तिसऱ्या वेळी पान म्हणालं, तुमच्या नोंदवलेल्या नंबरवर आकडे पाठवलेत. नोंदवलेला नंबर बायकोचा होता. ब्लॉग उघडला त्या काळात त्याच्या स्वतःच्या फोनचं रिचार्ज संपलेलं असायचं.

बायकोच्या पर्समध्ये फोन वाजला. तिने तो काढला, बघितलं आणि तशीच उभी राहिली.

"किती वेळा मागितलं होतं त्यांनी?" तिने विचारलं.

"कोणी?"

"कुलूपवाल्यांनी. पहिल्याच मेलला हो म्हणालास?"

"नाही. पहिला आला तेव्हा मी पुसून टाकला. दुसऱ्यात त्यांनी दुप्पट देऊ केले, तोही पुसला. तुला वाचून दाखवला होता, आठवतं? आपण हसलो होतो." तो थांबला. "तिसरा आला तेव्हा खातं बंद होऊन दोन दिवस झाले होते. चार मिनिटांत उत्तर दिलं मी. मेल पाठवणाऱ्या त्यांच्या मुलीने लिहिलं, इतक्या त्वरेने प्रतिसाद देणारे लेखक आम्हाला क्वचितच भेटतात."

बायकोच्या ओठांचा कोपरा हलला. हसू होतं की नव्हतं, ते तिचं तिलाच माहीत. "चार, शून्य, आठ," ती म्हणाली. "आठ, एक, सहा. आणि यापुढे तुझा पराभव मला आधी कळला पाहिजे, मग तुझ्या दादाला. भांडी घासून काही होत नाही."

"हो."

दार उघडलं. त्याने लेख काढला, ते दोन शब्द शोधले, लिंक पुसली. अक्षरांचा निळा रंग जाऊन ती पुन्हा काळी झाली. एवढंच. महिनाभर ज्याच्यासाठी झोप उडाली होती ते काम अर्ध्या मिनिटाचं निघालं.

"म्हणजे हरलो," तो म्हणाला. "दादा, तू जिंकलास."

दादाला जिंकल्यासारखं वाटत असेल असं त्याच्या तोंडावरून दिसत नव्हतं.

पाचाला पाच मिनिटं असताना शटरखालून वाकून कव्हरवाला आत आला. हसतमुख, हातात मोजपट्टी. नमस्कार-चमत्कार होतात न होतात तोच त्याची नजर भिंतीकडे गेली आणि त्याचा चेहरा उजळला.

"वा! खिळे आयतेच आहेत की! ही कुलपं उतरवली की माझी कव्हरं लगेच टांगता येतील. माझा सुताराचा खर्च वाचला."

"खिळे मिळणार नाहीत," दादा म्हणाला.

"अं?"

"दुकान मिळेल. एक तारखेपासून. खिळे आमचे आहेत, ते आम्ही काढून नेणार."

"अहो, खिळे कोण काढून नेतं?"

"आम्ही नेतो," दादा म्हणाला, आणि संपादकाने आपल्या या सरळसोट, पंचेचाळीस वर्षं कधी काही वेडगळ न केलेल्या भावाकडे तोंड उघडं टाकून पाहिलं. कव्हरवाल्याने बाबांकडे दाद मागितली. बाबांनी फक्त हात उडवला, थोरल्याचं ऐका अशा अर्थाने. तो बिचारा भिंतीची लांबी-रुंदी मोजून, दोनदा मागे वळून बघत निघून गेला.

"नेणार कुठे?" बायकोने विचारलं. "आमच्याकडे भिंतच नाही एवढी."

"याच्याकडे आहे ना," बाबा म्हणाले. त्यांनी बोट संपादकाच्या फोनकडे केलं. "दीडशे लेख मावले म्हणतो. दोन-तीनशे कुलपं नाही मावणार? एकेक लिही. कंपनी कुठली, कशाने उघडलं, आकडा किती. नवी आणून देत जा, मी उघडतो, अक्का मोजेल."

"आणि त्याचे पैसे कोण देणार?" बायको म्हणाली.

"कोण देणार? कुलूपवाले तर नक्कीच नाही."

"मी आता एकही दाबणार नाही," आत्या घाईघाईने म्हणाली.

संपादक उठून बाहेर काउंटरपाशी गेला. काच सरकवून त्याने ती छापलेली प्रत काढली. कडा पिवळ्या पडल्या होत्या, एका कोपऱ्यावर तेलकट अंगठ्याचा ठसा. ती घेऊन तो आत आला.

"आत्या, ही तू छापलेली प्रत मी घेतो. तुला दुसरी देईन."

"माझी कुठली? मला कुठे छापता येतंय! यानेच जाऊन छापून आणली," आत्या बाबांकडे हात करून म्हणाली. "गुडघे दुखत होते तरी चालत गेला. तीन प्रती आणल्या. एक त्याच्या उशाशी असते."

बाबा एकाएकी मशीनची धूळ पुसायला लागले. मशीन स्वच्छ होतं.

संपादकाने ड्रॉवरमधून एक चिठ्ठी घेतली, बाबांच्याच पेन्सिलीने तिच्यावर आकडा लिहिला आणि ती लेखाच्या कागदाला टाचून सगळ्यांना दाखवली.

"तीन," दादाने वाचलं. "हे काय?"

"तिसऱ्या मेलला उघडलो. त्या डबड्या कुलपाने अकरा काढले, तेही आत्या धावत असताना. मी तीन." तो हसला, आणि या वेळी ते हसू खरं होतं. "बाबांचे सात, तुझे नऊ, आत्याचे चौऱ्याण्णव आणि माझे तीन. घराण्याचा नीचांक. खालच्या ओळीत कुठे जागा असेल तर सांगा."

बाबा स्टुलावरून उठले. गुडघ्यावर हात ठेवून, सावकाश. त्यांनी कागद त्याच्या हातातून घेतला, चिठ्ठीवरचा आकडा चष्म्याखालून आणि चष्म्यावरून असा दोनदा पाहिला.

"तीन जरा कमीच आहे," ते म्हणाले. "पण काम तुझंच आहे. दुसऱ्या कुणाला लिहिता आलं नसतं ते."

आणि पुढे जाऊन त्यांनी वरच्या ओळीतली, दादाच्या कुलपाशेजारची छत्री काढली. कागद त्या खिळ्याला अडकवला, सरळ आहे का ते मागे सरून बघितलं, परत पुढे होऊन थोडा डावीकडे केला.

मग हातात छत्री घेऊन ते खोलीच्या मधोमध उभे राहिले. पंचवीस वर्षांत ती दुसरीकडे कुठे ठेवायची वेळ आली नव्हती, त्यामुळे त्यांना जागा सुचेना. शेवटी त्यांनी ती संपादकाच्या हातात दिली.